खिशातल्या फोनची राखण

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



विषयपत्रिकेवर हा विषय पाहून काही जणांनी विचारले, की कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत मोबाईलचे काय काम? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आधी देऊ आणि मग पुढे जाऊ.

चोर पैशाच्या मागे जातो. कापसाचा चुकारा रोख मिळत असे तेव्हा चोर बाजाराच्या रस्त्यावर उभा राहत असे, एसटीच्या गर्दीत खिसा कापत असे. आज पैसा रोख येत नाही, खात्यात येतो. २०१९ पासून पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत थेट खात्यात पडतात. पीक विम्याची भरपाई खात्यात येते, अतिवृष्टीची मदत खात्यात येते. २०२१ पासून आपल्या राज्यात पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवरून होते. २०२५-२६ च्या हंगामात तर सीसीआयने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' नावाचे ॲप काढले आणि त्यावर नाव नोंदवा, मगच कापूस आणा, असे सांगितले. म्हणजे फोन आता हौसेची वस्तू राहिलेला नाही. सातबाऱ्याइतकाच तो आपल्या व्यवहारात शिरला आहे. खात्याची किल्ली फोनमध्ये आहे, म्हणून चोरही फोनकडे वळला आहे.

हुरड्यात आलेल्या ज्वारीवर माळा बांधून, हातात गोफण घेऊन राखण करणे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. कारण पाखरू कुठून येते, कधी येते आणि काय खाते ते आपल्याला माहीत आहे. फोनच्या बाबतीत हेच माहीत नाही. आजचे बोलणे त्यासाठी आहे. चोर कसा येतो, फोनमध्ये राखणीची सोय काय आहे, ती कुठवर पुरते आणि कुठे आपली गोफण आपणच फिरवायची, हे क्रमाने पाहू.

चोर कसा येतो?

पुष्कळांचा समज असा, की कुठे तरी दूर बसलेला एखादा हुशार माणूस बटन दाबतो आणि आपले खाते रिकामे होते. अशी माणसे जगात आहेत, पण ती मंत्र्या-संत्र्यांच्या, पत्रकारांच्या फोनमागे लागतात. आपल्यासारख्यांच्या मागे लागणारा चोर कुलूप फोडत नाही. तो दार आपल्याकडूनच उघडून घेतो.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फाईल येते. तिच्यावर पीएम किसानचे नाव असते, कधी बँकेच्या केवायसीचे, कधी गाडीच्या दंडाच्या चलनाचे. लग्नपत्रिकासुद्धा येते. अशा लग्नपत्रिकेबद्दल हिमाचल प्रदेशच्या पोलिसांनी २०२४ च्या नोव्हेंबरात लोकांना सावध केले होते. फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. ही तीन अक्षरे नीट ओळखून ठेवा. फोटोच्या फाईलला ती नसतात, पत्रिकेच्या नाही, पावतीच्या नाही. ज्या फाईलच्या शेवटी एपीके, ती वाचायची वस्तू नव्हे. ते एक अख्खे ॲप असते, फोनमध्ये बसून काम करणारा एक नवा गडी.

आपण ती फाईल दाबतो. फोन विचारतो, हे अनोळखी ठिकाणचे आहे, बसवू का? घाईत आपण 'हो' म्हणतो. मग सरकारी बोधचिन्ह असलेला एक अर्ज दिसतो. त्यात आधार क्रमांक, खाते, एटीएम कार्डावरचे आकडे आणि पिन भरायला सांगतात. त्याच वेळी ॲप परवानगी मागते, मेसेज वाचू द्या. तेवढे मिळाले की चोराचे निम्मे काम झाले. कार्डाचे आकडे आपण लिहून दिलेले असतात आणि बँकेकडून येणारा ओटीपी आपल्या आधी तोच वाचतो. पुष्कळदा त्या ॲपचे चिन्हही फोनच्या पडद्यावरून नाहीसे होते. आपल्याला वाटते, काही झालेच नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. यातली काही ॲप तुमच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना तीच फाईल तुमच्या नावाने पाठवतात. म्हणजे मेहुण्याच्या नंबरावरून फाईल आली म्हणून ती मेहुण्यानेच पाठवली असे नाही. त्या बिचाऱ्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. गावातला आपसातला विश्वास हाच इथे चोराचा रस्ता होतो.

हे फक्त आपल्याकडे घडते असे समजू नका. २०२० च्या अखेरीपासून युरोपात 'फ्लूबॉट' नावाचे असेच ॲप पसरले. 'तुमचे पार्सल आले आहे, ते कुठवर पोचले हे पाहण्यासाठी ॲप घ्या,' असा मेसेज येत असे. स्पेन, फिनलंड अशा देशांतले शिकलेसवरलेले लोक त्याला फसले. शेवटी ११ देशांच्या पोलिसांनी मिळून २०२२ मध्ये ते बंद पाडले. तेव्हा आम्ही अडाणी म्हणून फसलो, असे म्हणून कोणी मान खाली घालू नये. फसवणूक झालेला माणूस गप्प बसतो, हाच चोराचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

फोनमधली राखण

आता फोन बनवणाऱ्यांनी काय सोय केली आहे ते पाहू. आपल्यापैकी बहुतेकांकडे अँड्रॉइडचे फोन आहेत, म्हणून त्याचेच सांगतो. त्यातल्या राखणीचे निरनिराळे थर आहेत.

पहिला थर पेवांचा. सोलापूर-मराठवाड्याकडे ज्वारी पेवात ठेवण्याची रीत होती. शहाणा शेतकरी सगळी ज्वारी एकाच पेवात भरत नसे. एकात पाणी शिरले तरी दुसरे कोरडे राही. अँड्रॉइडने २००८ साली पहिल्या फोनपासूनच हे तत्त्व धरले आहे. प्रत्येक ॲपला वेगळा क्रमांक आणि वेगळी जागा मिळते. गाण्याच्या ॲपला बँकेच्या ॲपच्या पेवात हात घालता येत नाही. चोराचे ॲप फोनमध्ये बसले, तरी ते बँकेच्या ॲपमध्ये थेट शिरू शकत नाही, ते याच भिंतीमुळे.

दुसरा थर परवानग्यांचा. मोटार दुरुस्त करायला मिस्त्री आला, तर आपण त्याला मोटारीच्या खोलीची किल्ली देतो, घरातल्या कपाटाची देत नाही. फोनमध्ये मेसेज, फोननंबरांची यादी, कॅमेरा, माईक, आपले ठिकाण या सगळ्या कुलूपबंद खोल्या आहेत. पूर्वी ॲप बसवतानाच सगळ्या किल्ल्या एकदम द्याव्या लागत, नाही तर ॲपच मिळत नसे. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून ही पद्धत बदलली. ॲपला ज्या वेळी जी खोली हवी, त्या वेळी त्याने विचारायचे आणि आपण हो किंवा नाही म्हणायचे. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून 'फक्त या वेळेपुरती' परवानगीही देता येते आणि पुष्कळ दिवस न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो.

पहिला आणि दुसरा थर एकत्र ठेवून पाहा, म्हणजे चोराची रीत उलगडेल. भिंत भक्कम आहे म्हणून तो भिंत फोडत नाही, किल्ली मागतो. मेसेजची किल्ली मिळाली, की ओटीपी मिळाला. म्हणून मेसेज वाचण्याची परवानगी ही घरातल्या कपाटाची किल्ली समजावी.

त्याहून मोठी एक किल्ली आहे. सेटिंगमध्ये तिचे नाव 'ॲक्सेसिबिलिटी' असे असते. ही सोय अंध-अपंग बांधवांसाठी केलेली आहे. पडद्यावर काय लिहिले आहे ते ॲपने मोठ्याने वाचून दाखवावे, माणसाच्या वतीने बटन दाबावे, अशी ती सोय आहे. ज्याला गरज आहे त्याला ती डोळ्यांसारखी आहे. पण चोराच्या हाती ती पडली, तर पडद्यावरचे सगळे तो वाचतो आणि आपल्या बोटाऐवजी तोच बटन दाबतो. म्हणून २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून, दुकानाबाहेरून आणलेल्या ॲपला ही किल्ली सहजासहजी देता येणार नाही अशी आडकाठी घातली गेली.

तिसरा थर दुकानाचा. बियाणे आपण दोन ठिकाणांहून घेऊ शकतो. एक परवानाधारक कृषी सेवा केंद्रातून, जिथे सीलबंद पाकीट मिळते, त्यावर लॉट नंबर असतो आणि पावती मिळते. दुसरे, रात्री मोटारसायकलवर येणाऱ्याकडून, बिनपावतीचे. उगवले नाही तर पहिल्याच्या दारात जाऊन भांडता येते, दुसऱ्याचा पत्ताच नसतो. प्ले स्टोअर हे पहिल्यासारखे दुकान आणि व्हॉट्सॲपवरून आलेली एपीके फाईल हे दुसऱ्यासारखे पाकीट.

पाकिटाला सील असते, तसे प्रत्येक ॲपलाही बनवणाऱ्याच्या सहीचे सील असते. बँकेच्या ॲपवर नवे ॲप चढवायचे, तर सही तीच लागते. सही जुळली नाही तर फोन ते चढवू देत नाही. म्हणून चोराला खऱ्या ॲपच्या जागी आपले ॲप बसवता येत नाही. शेजारी दुसरे बसवावे लागते, त्याच नावाचे, त्याच रंगाचे.

मात्र परवानाधारक दुकानातही बोगस पाकीट कधी कधी सापडते, हे आपल्याला सांगायला नको. प्ले स्टोअरमध्येही 'जोकर' नावाची बदमाश ॲप शिरत होती. अशी १,७०० ॲप काढून टाकल्याचे गूगलने २०२० च्या जानेवारीत सांगितले. म्हणून दुकानातून घेतानाही पाकीट वाचायचे. ॲप कोणी काढले, किती लोकांनी घेतले, लोकांची तक्रार काय आहे, हे पाहायचे.

चौथा थर तपासनीसाचा. २०१७ साली 'प्ले प्रोटेक्ट' नावाची सोय आली. ती फोनमधल्या ॲपची दररोज तपासणी करते, दुकानाबाहेरून आलेल्या ॲपचीसुद्धा. त्याच वर्षीच्या अँड्रॉइड ८ ने आणखी एक बदल केला. त्याआधी 'अनोळखी ठिकाणचे ॲप चालेल' असे एकच बटन होते. ते एकदा चालू केले की सगळ्यांना दार मोकळे. आता व्हॉट्सॲपला वेगळी, ब्राउझरला वेगळी परवानगी द्यावी लागते. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरात, पूर्वी कधी न पाहिलेले ॲप बसवताना त्याच्या आतली रचना तिथल्या तिथे तपासण्याची सोय गूगलने आणली आणि तिची सुरुवात भारतापासून केली. २०२४ साली सिंगापुरात आणि नंतर भारतातही आणखी एक पाऊल टाकले गेले. मेसेजमधून किंवा ब्राउझरवरून आलेले ॲप ओटीपी वाचण्याची किंवा ॲक्सेसिबिलिटीची किल्ली मागणारे असेल, तर ते बसूच द्यायचे नाही. आपण मघाशी पाहिलेल्या चोराच्या वाटेवर नेमके हेच फाटक आहे.

फाटक आले तेव्हा चोराने काय केले? त्याने फोन लावायला सुरुवात केली. 'साहेब बोलतोय, तुमचा हप्ता अडकला आहे, मी सांगतो तसे करा. आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा.' म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठवा आणि मग दार उघडा. त्यावर २०२५ साली गूगलने जाहीर केले, की कॉल चालू असताना प्ले प्रोटेक्ट बंद करता येणार नाही. तुमच्याकडे नवा फोन असो की जुना, हा नियम तुम्ही स्वतःलाच लावून घ्या. कॉल चालू असताना फोनच्या सेटिंगला हात लावायचा नाही. खरा बँकवाला, खरा कृषी सहायक तुम्हाला तपासनीस बंद करायला कधीच सांगणार नाही.

आयफोनबद्दल काही तरुणांनी विचारले आहे. त्यात आपल्या देशात ॲपलच्या दुकानाबाहेरचे ॲप साध्या रीतीने बसवताच येत नाही, म्हणून एपीकेची ही वाट तिथे बंद आहे. पण ओटीपी तोंडाने सांगितला तर तिथेही पैसे तितक्याच वेगाने जातात. लाखाचा फोन घेतला म्हणजे राखण संपली, असे नाही.

बोंडअळीचा धडा

आता अपडेटचा मुद्दा. फोन वरचेवर म्हणतो, नवे अपडेट आले आहे. आपण म्हणतो, नेट जाईल, फोन हळू होईल, नंतर बघू. यात कसला धोका आहे, हे कापूसवाल्याला समजावून सांगायला वेळ लागू नये.

२००२ साली बीटी कापूस आला. बोंडअळीचा बंदोबस्त झाला, फवारण्या कमी झाल्या. २००६ साली दोन जनुकांचे बीटी आले. आपल्याला वाटले, अळीचा प्रश्न मिटला. पण अळी गप्प बसली नव्हती. गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली आणि २०१७ च्या हंगामात आपल्या राज्यात तिने बोंडेच्या बोंडे आतून खाल्ली. यावरून बीटी वाईट होते असे ठरत नाही. कीड शिकत असते आणि राखण तिच्यापुढे राहिली नाही तर ती निकामी होते, एवढे मात्र ठरते.

फोनचेही तसेच आहे. कोणतेही सॉफ्टवेअर बिनचूक नसते. त्यात फटी असतात, त्या सापडतात आणि त्या बुजवायचे काम अपडेट करते. २०१५ साली 'स्टेजफ्राईट' नावाची अशी फट सापडली, की मेसेजमधून आलेल्या व्हिडिओमार्फत फोनमध्ये शिरता येत होते. त्यानंतर गूगलने दर महिन्याला सुरक्षेचे अपडेट काढायला सुरुवात केली. फट सापडल्याची बातमी चोरालाही कळते. ज्याने अपडेट घेतले त्याची फट बुजली, ज्याने नाही घेतले त्याच्या कुंपणाला कुठे भगदाड आहे ते चोराला आयते ठाऊक झाले.

पण इथे आपल्या खिशाचा प्रश्न येतो. अपडेट फोनच्या कंपनीकडून यावे लागते. महागड्या फोनच्या काही कंपन्यांनी २०२३-२४ पासून सात-सात वर्षे अपडेट देण्याचे कबूल केले आहे. स्वस्तातल्या फोनला ते फार कमी वर्षे मिळते. म्हणजे आपला फोन वाजतो, चालतो, दिसतो चांगला, पण त्याच्या राखणीची मुदत संपलेली असते. युरोपात २०२५ च्या जूनपासून कायदा लागू झाला, की मॉडेलची विक्री थांबल्यानंतर निदान पाच वर्षे अपडेट मिळाले पाहिजे. कीटकनाशकाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते. मुदत संपलेले औषध विकले तर दुकानदारावर कारवाई होते. मग फोनच्या डब्यावर 'अमुक सालापर्यंत अपडेट मिळेल' असे ठळक अक्षरात का छापू नये? सरकार योजनेसाठी फोन सक्तीचा करणार असेल, तर राखणीची मुदत सांगण्याची सक्तीही त्याने कंपन्यांवर करावी. ही मागणी आपण केली पाहिजे.

राखण कुठे संपते?

एवढे थर असूनही पैसे जातात. कारण फोन ॲपची तपासणी करू शकतो, माणसाच्या शब्दाची नाही. आपण ओटीपी तोंडाने सांगितला, तर फोन काय करणार? 'पैसे मिळण्यासाठी पिन टाका' असे कोणी म्हटले आणि आपण टाकला, तर तो व्यवहार यंत्राच्या लेखी खराच असतो. पक्के ध्यानात ठेवा, यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. तसेच आपला पडदा दुसऱ्याला दाखवणारी ॲप असतात. ती चोराची नसतात, कंपन्यांत दुरुस्तीसाठी वापरतात आणि प्ले स्टोअरमध्येच मिळतात. त्यांच्यामागून चोर आला तर तपासनीस त्याला अडवीलच असे नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुकानाचा दरवाजा एका कंपनीच्या हाती आहे. कोणते ॲप आत घ्यायचे आणि कोणते नाही, हे ती ठरवते. २०२५ च्या ऑगस्टात गूगलने जाहीर केले, की पुढे टप्प्याटप्प्याने ॲप बनवणाऱ्याची ओळख पटवल्याशिवाय बाहेरचे ॲपही फोनमध्ये बसू देणार नाही. त्यावर जगभर वाद झाला. चोराला नाव लपवता येणार नाही, हे चांगले, असे काही म्हणाले. फोन माझा, त्यात काय बसवायचे ते कंपनीने का सांगावे, असे दुसरे म्हणाले. बाजार समितीच्या आवारातच माल विका, या सक्तीचे फायदे-तोटे आपण दोन्ही भोगले आहेत, म्हणून हा वाद आपल्याला परका नाही. आमचे म्हणणे एवढेच, की आज गावात ज्याला एपीके म्हणजे काय हे माहीत नाही, त्याने फाटक बंद ठेवावे. ज्याला पुरते कळते त्याने आपल्या जबाबदारीवर उघडावे. पण न कळता उघडलेल्या दाराला स्वातंत्र्य म्हणता येत नाही.

आता करायचे काय?

घरी गेल्यावर सहा कामे करा. घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींना बरोबर घ्या, पण बटन स्वतः दाबा.

एक. प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यात आपल्या नावाचे चिन्ह असते ते दाबा आणि 'प्ले प्रोटेक्ट' चालू आहे का ते पाहा.

दोन. सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप बसवणे' हा भाग शोधा. व्हॉट्सॲप, ब्राउझर, फाईल या प्रत्येकासमोर ते बंद आहे ना, ते पाहा.

तीन. परवानग्यांच्या यादीत मेसेज वाचण्याची परवानगी कोणाकोणाला आहे ते बघा. टॉर्च, गाणी, खेळ, पंचांग यांना मेसेजशी काय करायचे? काढून टाका. ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत ओळखीचे नसलेले नाव दिसले, तर ते आधी बंद करा.

चार. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' या भागात सुरक्षा अपडेटची तारीख असते. ती वर्षभरापेक्षा जुनी असेल तर अपडेट घ्या. अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवरून बँकेचा व्यवहार करू नका.

पाच. फोनच्या कुलुपाचा पिन आणि यूपीआयचा पिन वेगळे ठेवा. पोराला खेळायला फोन देताना कुलपाचा पिन देता, त्याबरोबर तिजोरीचा जाऊ नये.

सहा. जे यूपीआय वापरत नाहीत त्यांनी बँकेला जोडलेले सिमकार्ड साध्या बटनांच्या फोनमध्ये ठेवावे. त्यात एपीके बसत नाही, म्हणून तिथे आलेला ओटीपी अशा ॲपच्या हाती लागत नाही. जे यूपीआय वापरतात त्यांनी त्यासाठी वेगळे खाते ठेवावे आणि त्यात खर्चापुरतेच पैसे ठेवावेत. चुकाऱ्याची मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात राहू द्या. हीसुद्धा पेवाचीच युक्ती आहे.

घात झालाच तर

लाजू नका आणि वाट पाहू नका. पहिल्यांदा फोनचे नेट बंद करा, किंवा विमानाचे चिन्ह असलेले बटन दाबा, म्हणजे चोराचा धागा तुटेल. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या क्रमांकाला कळवा. हा सरकारचा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. तिथे कळवले, की पैसा ज्या ज्या खात्यातून पुढे सरकतो त्या बँकांना निरोप जातो आणि तो वाटेतच अडवता येतो. चोर पैसा एका खात्यात ठेवत नाही, भराभर पुढे ढकलतो, म्हणून इथे तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब आहे. तक्रार क्रमांक लिहून घ्या. बँकेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात असे धोरण घातले, की ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच ठिकाणच्या गडबडीने पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर भुर्दंड ग्राहकावर नाही. ग्राहकाच्या हयगयीने गेले तरी कळवल्यानंतर पुढे जाणाऱ्या पैशाची जबाबदारी बँकेची. म्हणून कधी कळवले, याचा पुरावा तुमच्या हातात हवा.

त्यानंतर ते ॲप काढा. निघत नसेल तर जाणकाराकडून फोन पूर्ण पुसून घ्या. सगळे पिन बदला, तेही दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. आणि ग्रुपवर लगेच सांगा, की माझ्या नावाने फाईल आली असेल तर उघडू नका. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पण पुढच्याने ठेच लागल्याचे सांगितले तरच.

बैठकीपुढे ठराव

शेवटी तीन गोष्टी बैठकीपुढे ठेवतो.

पहिली, आपल्या कोणत्याही ग्रुपवर कोणीही एपीके फाईल टाकू नये. टाकली गेलीच, तर ग्रुप चालवणाऱ्याने ती ताबडतोब काढावी आणि पाठवणाऱ्याला फोन करून विचारावे. दुसरी, प्रत्येक गावातून एक तरुण आणि एक बाई अशा दोघांनी वरची सहा कामे शिकून घ्यावीत आणि कापसाची वेचणी सुरू होण्याआधी घरोघरी करून द्यावीत. तिसरी, सरकारकडे मागणी करावी, की शेतकऱ्यांच्या योजनांची खरी ॲप कोणती, त्यांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि बाजार समितीच्या फलकावर लावावी, फोनच्या डब्यावर अपडेटची मुदत छापावी आणि ज्याच्याकडे धड फोन नाही त्याला केंद्रावर, कागदावर नोंदणी करण्याचा रस्ता मोकळा ठेवावा.

फोन फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. भाव कळतो, पाऊस कळतो, पैसा मधल्या हाताशिवाय खात्यात येतो. हे सोडून मागे जाण्यात शहाणपण नाही. पाखरे येतात म्हणून आपण ज्वारी पेरायची सोडली नाही, माळा बांधला. इथेही माळा बांधलेला आहे. त्यावर चढून बसायचे काम तेवढे आपले आहे.